निरोप्या यंत्राचे शहाणपण

पत्र लिहिणारा आणि पत्र वाचणारा, या दोघांची आठवण जगाला राहते. रात्रभर आगगाडीच्या डाकडब्यात उभे राहून पत्रांची वर्गवारी करणारा कारकून मात्र कधी कोणाच्या खिजगणतीत नव्हता. संगणकांच्या परस्परसंवादाचा इतिहासही बहुधा असाच सांगितला जातो. मोठमोठ्या संगणकांची आणि विद्यापीठांची नावे पुढे येतात, आणि त्यांच्यामध्ये उभे राहून निरोपांची ने-आण करणारे यंत्र व त्याचे कारागीर मागे राहतात.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज येथे, 1948 साली ‘बोल्ट बेरानेक अँड न्यूमन’ या कंपनीचा उगम झाला. तिचा मूळ व्यवसाय ध्वनिशास्त्राचा. न्यूयॉर्क येथील संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभागृहात वक्त्याचा शब्द स्पष्ट ऐकू यावा म्हणून काय करावे, याचा सल्ला देण्याचे काम तिने आरंभीच्या काळात केले. एकाचा शब्द दुसऱ्यापर्यंत शाबूत पोहोचविण्याची चिंता तेव्हापासूनच तिच्या कपाळी लिहिलेली असावी!

अमेरिकेच्या संरक्षण खात्याची ‘आर्पा’ ही संस्था विद्यापीठांतील संशोधनास पैसा पुरवीत असे. निरनिराळ्या विद्यापीठांतले संगणक निरनिराळ्या घडणीचे. एकाची भाषा दुसऱ्यास कळत नसे. ते जोडावेत कसे, या विचारात लॅरी रॉबर्ट्स असताना 1967 साली वेस्ली क्लार्क यांनी त्यांना एक साधी तोड सुचविली. मोठ्या संगणकांवर हे ओझे घालू नये; प्रत्येकाच्या दाराशी एकेक लहान संगणक बसवावा, त्याने निरोप घ्यावेत, पुढे धाडावेत आणि दुसरे काहीही करू नये. या लहान यंत्राला ‘इंटरफेस मेसेज प्रोसेसर’, आद्याक्षरांवरून ‘इम्प’, असे नाव पडले. आयबीएमसारख्या बलाढ्य कंपनीने या कामात रस घेतला नाही. सुमारे 10 लाख डॉलरांचे कंत्राट केंब्रिजच्या या लहानशा कंपनीला मिळाले. तेव्हा सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी अभिनंदनाची तार पाठविली, तीत ‘इंटरफेस’ऐवजी ‘इंटरफेथ’ असा शब्द पडल्यामुळे कंपनी सर्वधर्मसंवादाचे यंत्र करीत असल्याचा बोध होत होता, असे सांगतात.

1969 च्या जानेवारीत काम सुरू झाले आणि ऑगस्टअखेर पहिली पेटी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पोहोचली. हनीवेल कंपनीचा एक तयार संगणक पोलादी कपाटात बंदिस्त केलेला होता. त्याच्या स्मरणकोशात इंग्रजी 24 हजार अक्षरे मावतील एवढीच जागा होती. तेवढ्यात विल क्राउदर, डेव्ह वॉल्डन आणि बर्नी कोसेल यांनी आपली आज्ञावली बसविली. 29 ऑक्टोबर रोजी लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला निरोप निघाला. दोनच अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा मोठा संगणक कोलमडला. पेटीने आपले काम चोख केले होते.

तुकडीचे प्रमुख फ्रँक हार्ट यांची दृष्टी येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. वेगापेक्षा त्यांना भरवशाची काळजी अधिक होती. ही पेटी परक्या घरात, हजारो मैलांवर, देखभालीस कोणी नसताना राहायची. जिज्ञासू विद्यार्थी तिच्याशी खेळतील, ही तर त्यांना मोठीच धास्ती. म्हणून निरोपाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकावर ताळ्याचा आकडा घालण्यात आला. शेजारच्या पेटीने ताळा पाहून पोच द्यावी. पोच येईपर्यंत पहिलीने आपली प्रत टाकून देऊ नये. आज्ञावलीने ठरावीक वेळेत आपण जागे असल्याची खूण दिली नाही, तर यंत्राने आपणहून नव्याने आरंभ करावा. तेही न साधल्यास शेजारच्या पेटीकडून आज्ञावलीची प्रत मागून घ्यावी. आजारी माणसाने शेजाऱ्याकडे औषध मागावे, तसाच हा व्यवहार! लांबच्या प्रांतातील तार बिघडल्याचे केंब्रिजच्या मंडळींनी दूरध्वनी कंपनीस आधी कळवावे आणि कंपनीच्या लोकांनी त्यावर विश्वास ठेवू नये, असेही प्रसंग घडले.

परंतु शेजारधर्माला दुसरी बाजू असते. कोणत्या वाटेने पाठविल्यास निरोप लवकर पोहोचेल, हे या पेट्या एकमेकींना वारंवार कळवीत आणि ऐकलेले खरे मानीत. 1973 च्या सुमारास हार्वर्ड येथील पेटीचा स्मरणकोश बिघडला आणि सर्व ठिकाणे आपल्यापासून शून्य अंतरावर आहेत, असे ती सांगू लागली. साऱ्या जाळ्यातील निरोप तिच्याकडे लोटले आणि तेथेच बुडाले.

1979 मध्ये वाटा शोधण्याची पद्धत बदलली. आता प्रत्येक पेटीची वार्ता साऱ्या जाळ्यात फिरे व तिच्यावर 0 ते 63 यांपैकी क्रमांक असे. 63 नंतर पुन्हा 0. घड्याळाच्या तबकडीप्रमाणे अर्ध्या फेऱ्यापर्यंत पुढे असेल तो क्रमांक नवा, असा नियम होता. 27 ऑक्टोबर 1980 रोजी 50 व्या पेटीच्या नावाने 8, 40 आणि 44 अशा क्रमांकांच्या तीन वार्ता एकाच वेळी फिरू लागल्या. 44 मधून एक बिट गळाला की 40 होतात, आणखी एक गळाला की 8. तारेवरून जाताना ताळा पाहिला जाई. स्मरणकोशात पडून असताना मात्र कोणी पाहत नसे. नियमाप्रमाणे 8 पेक्षा 40 नवा, 40 पेक्षा 44 नवा, आणि तबकडी पुढे फिरल्यावर 44 पेक्षा 8 नवा! प्रत्येक पेटी प्रामाणिकपणे जुनी वार्ता टाकून नवी पुढे धाडीत राहिली आणि कित्येक तास साऱ्या जाळ्यात दुसऱ्या कामास सवड उरली नाही. मोडलेल्या यंत्रावर उपाय योजता येतो. येथे सर्व यंत्रे नियमाने चालली होती.

अखेर पेट्यांच्या आज्ञावलीत तात्पुरती एक ओळखीची दुरुस्ती घालण्यात आली: 50 व्या पेटीच्या नावाने आलेली वार्ता ऐकू नये. गोंधळ शमला. हे जाळे पुढे 1990 साली रीतसर बंद झाले. पहिली पेटी लॉस एंजेलिसच्या त्या विद्यापीठात जपून ठेवली आहे.