मण्यांचा पारखी

जबलपूर म्हटले की आपल्याला भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि चौसष्ट योगिनींचे मंदिर आठवते. त्याच बाजूला तेवर नावाचे खेडे आहे; तिकडे पाहुणा सहसा वळत नाही. हीच कलचुरी राजांची त्रिपुरी. तेथल्या देखण्या मूर्ती संग्रहालयात गेल्या, त्यांना जाणकारही लाभले. परंतु मातीत राहिलेल्या बारीकसारीक वस्तूंची कदर कोण करणार? ती डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केली.

दीक्षितांचा जीव मण्यांत रमलेला. तांबड्या अकीकावर क्षाराने रेघ ओढून मणी तापवला की ती पांढरी होऊन कायमची उमटते. भारतातील अशा मण्यांवर त्यांनी १९४९ साली ग्रंथ लिहिला. पुढे १९५१-५२ मध्ये सागर विद्यापीठाच्या वतीने त्यांनी त्रिपुरीला उत्खनन केले, आणि कलचुरींच्या कितीतरी आधीची, सातवाहनकाळाच्याही मागे जाणारी वस्ती थराथराने उलगडली. १९५५ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

शेतात सापडलेला मणी उचलून खिशात टाकला, तर ती केवळ एक शोभेची वस्तू उरते. तो कोणत्या थरात, कशाशेजारी होता हे टिपून ठेवले, तर तोच इतिहासाचा साक्षीदार होतो. कलावस्तूंच्या रक्षकाचे खरे काम हे टिपण्याचे आहे. कपाटाला कुलूप लावणे त्यानंतरचे.

पुढच्या वेळी संग्रहालयात गेलात, तर भव्य मूर्तीपुढे हात जोडून झाल्यावर मण्यांच्या कपाटापाशीही क्षणभर थांबा.