दिवा कोण लावणार?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

'लहान मुलं आणि प्रार्थना' हा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा काहीजणींच्या कपाळावर आठ्या दिसल्या. स्त्री-चळवळीच्या शिबिरात हे कशाला? व्रतवैकल्यांनी बाईला कसं बांधून ठेवलं, हेच तर आपण इतकी वर्षं बोलत आलो. मीही बोलत आले. पण सात वर्षांच्या एका मुलीनं मला हा विषय पुन्हा उघडायला लावला. तिच्यापासूनच सुरुवात करते.

मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका गावात आम्ही संध्याकाळी मुलांचा वर्ग घेत होतो. शेवटी प्रार्थना होई. मुलं डोळे मिटत, हात जोडत आणि मी सांगे, "मनापासून मागा, देव ऐकतो." एके दिवशी ही मुलगी वर्गाला आली नाही. त्याच रात्री तिच्या वडिलांनी शेतातलं कीटकनाशक घेतलं. पंधरा-वीस दिवसांनी ती परत आली. सगळ्यांनी डोळे मिटले, ती टक्क उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत राहिली. वर्ग सुटल्यावर पदर धरून म्हणाली, "ताई, मी त्या दिवशी परार्थना म्हनली नाई. म्हनून माहे बाबा गेले काय?"

समाजकार्याची पदवी घेताना समुपदेशन शिकले होते. तरी त्या क्षणी तोंडातून शब्द फुटला नाही. कारण हा हिशेब तिला शिकवला होता मीच. मागितलं तर देव देतो, असं शिकवलं की नाही मागितलं तर काढून घेतो, हे मूल आपोआप शिकतं.

पियाजे या मानसशास्त्रज्ञानं मांडलं आहे, की साधारण सात वर्षांपर्यंतचं मूल जगाकडे स्वतःच्याच जागेवरून पाहतं. आपण मनात आणलं, आपण चुकलो, म्हणून बाहेर काही घडलं, असं त्याला सहज वाटतं. अशा मुलाच्या हाती आपण 'देव शिक्षा करील' हे वाक्य देतो. जेवत नाही, झोपत नाही, उलट बोलते, की देव! मुलीच्या वाट्याला तर ते जास्तच येतं. तिच्या मनात देव म्हणजे घरातला आणखी एक रागीट पुरुष होऊन बसतो.

आणि गंमत बघा. गंमत कसली, दुःखच. त्याच घरात तिच्या आईला लोक म्हणत होते, 'हिचा पायगुणच वाईट.' मुलगी म्हणते माझी प्रार्थना चुकली, गाव म्हणतं आईचा पाय चुकला. हिशेब एकच. कोरडवाहू कपाशी, कर्ज, पडलेला भाव यांची नावं त्यात कुठेच नाहीत. 2006 च्या जुलैमध्ये पंतप्रधान विदर्भात आले, अमरावती-अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं. म्हणजे सरकारनंही मान्य केलं, की हे एका घराच्या नशिबाचं प्रकरण नाही. पण घरात दोष बाईच्या माथी, तो राहिलाच.

मग प्रार्थना बंद करायची का? मी तसं ठरवलंही होतं. पण त्या घरी जाऊ लागले तेव्हा दिसलं, की दिवसभर तिथं पंचनामा, सातबारा, बँकेचा कागद, मदतीचं प्रकरण पात्र की अपात्र, एवढंच चाले. मुलीशी कोणी बोलत नव्हतं. तिला ठरलेली एक वेळ हवी होती, पाठ असलेले शब्द हवे होते, शेजारी कोणाचा तरी खांदा हवा होता. एका सुरात म्हणताना श्वास संथ होतो, रडू आलं तरी लाज वाटत नाही. हा आधार खरा आहे. तो काढून घेण्याचा मला काय अधिकार?

आपल्या वऱ्हाडात याची वाट आधीच घालून दिलेली आहे. यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज उभा केला आणि गावोगाव सामुदायिक प्रार्थना नेली. सगळ्या जातीधर्मांच्या लोकांनी एकत्र बसायचं, हा तिचा गाभा. ग्रामगीतेत महिलोन्नतीवर त्यांनी वेगळा अध्याय लिहिला. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. आणि याच अमरावतीत 1927 मध्ये अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी चळवळ झाली, त्यासाठीच्या परिषदेला डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते. देवासमोर कोणी उभं राहायचं, हा प्रश्न इथं जुनाच आहे.

तो माझ्यापुढेही आला. पुढच्या वर्षी महालक्ष्म्या बसल्या. त्या मुलीची आई पहाटेपासून चुलीपाशी. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या सगळं तिनं केलं. आरतीच्या वेळी मात्र तिला आतच थांबायला सांगितलं. मुलगी दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "माह्या मायनं रांधलेलं देवीले चालते, अन् माय नाई चालत काय?"

मैत्रिणींनो, जो देव आईला आत थांबवतो, तो मुलीला धीर कसा देणार? लहान मुलाची श्रद्धा पहिल्यांदा आईच्या कुशीतच तयार होते. आईचा अपमान करून मुलीला प्रार्थना शिकवता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनानंही परिपत्रक काढलं. तो कागद आपल्या गावांत कितीजणींनी पाहिला आहे?

आम्ही वर्गात काय बदललं, ते थोडक्यात सांगते. 'माग' म्हणणं सोडलं, 'सांग' म्हणू लागलो. आज काय वाटलं ते सांग. राग आला असेल तर तोही, देवावर आला असेल तरी. त्या मुलीला मी आणि तिच्या आईनं रोज सांगितलं, "तुझ्यामुळं नाही झालं." एकदा सांगून भागत नाही, कित्येक महिने सांगावं लागलं. बौद्ध घरांतली मुलं त्रिशरण-पंचशील म्हणत, एक मुलगी दुआ मागे, एक मुलगा नुसता गप्प बसे. त्याला कोणी टोकलं नाही. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेला बसवता येत नाही, हे संविधानाचं 28 वं कलम आपण लक्षात ठेवायला हवं. आणि प्रार्थना झाली म्हणजे काम संपलं, असं नाही. झोप उडालेलं, बोलणं थांबलेलं मूल डॉक्टरांकडे न्यायचंच.

शेवटचा बदल दिव्याचा. वर्गातला दिवा रोज एकेका मुलाच्या आईनं लावायचा, असं ठरवलं. त्या आईची पाळी आली तेव्हा दोनदा ती आलीच नाही. तिसऱ्यांदा आली. हात थरथरत होता, काडी विझली, मुलीनं दुसरी काडी काढून दिली. सासू महिनाभर तिच्याशी बोलली नाही. चमत्कार काही झाला नाही, कर्जही फिटलं नाही. पण त्या संध्याकाळी मुलीनं डोळे मिटले.

आपापल्या गावी परत गेल्यावर मुलांना काय म्हणायला शिकवायचं, याची चर्चा आपण जरूर करू. पण त्याआधी एवढं विचारा, की तिथं दिवा कोण लावतं, आणि कोणाला लावू देत नाहीत?