समुद्रातील वीज आणि किनाऱ्यावरील माणूस

(पनवेल येथील कार्यकर्त्यांच्या सभेत झालेले भाषण)



पनवेल तालुक्यातील न्हाव्यापासून घारापुरी बेटापर्यंत समुद्राच्या तळाशी साडेसात किलोमीटर लांबीची वीजवाहिनी टाकलेली आहे. २२ फेब्रुवारी २०१८ रोजी राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या बेटावरील तीन वस्त्यांना तिच्यातून वीज मिळू लागली. मुंबईचा झगमगाट रोज समोर पाहणाऱ्या या वस्त्यांना स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे वाट पाहावी लागली. नफ्याच्या हिशेबात न बसणारे हे काम राज्याच्या वीज वितरण कंपनीने सार्वजनिक पैशातून केले, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

आता उलट दिशेचा प्रश्न उभा राहत आहे. वाऱ्यापासून समुद्रात निर्माण होणारी वीज किनाऱ्यावर कशी आणायची? डेन्मार्कने १९९१ मध्ये हा मार्ग प्रथम दाखविला. तेथे पवनचक्क्यांची वीज समुद्रातील उपकेंद्रात गोळा होते, तिचा दाब वाढविला जातो आणि ती तळाशी गाडलेल्या वाहिनीतून किनारा गाठते, ही पद्धत आता रूढ झाली आहे. मात्र प्रत्यावर्ती प्रवाहाला अंतराची मर्यादा असते. समुद्रातील वाहिनी स्वतःच प्रवाह साठवू आणि सोडू लागते, आणि लांबी वाढेल तशी तिची क्षमता त्यातच खर्ची पडते. म्हणून साधारणतः शंभर किलोमीटरच्या आसपास एकदिश प्रवाह किफायतशीर ठरतो. स्वीडनने १९५४ मध्ये गोटलंड बेटाला अशाच प्रवाहाने वीज पुरविली. जमिनीवरील कारण वेगळे असले, तरी चंद्रपूरहून भिवंडीजवळील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एकदिश वाहिनी महाराष्ट्रात आहेच. तेव्हा तंत्र अवघड असले तरी अज्ञात नाही.

खरा प्रश्न मालकीचा आणि न्यायाचा आहे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांवर प्रत्येकी ५०० मेगावॉट वीजनिर्मितीसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. किनाऱ्यापर्यंतची वाहिनी सार्वजनिक क्षेत्रातील पॉवर ग्रिडने उभारावी, असे त्यात ठरले. वाहिनी जनतेच्या पैशाची असेल, तर तिच्यातून येणाऱ्या स्वस्त विजेवर पहिला हक्कही जनतेचाच असला पाहिजे. जोखीम सरकारने पत्करायची आणि नफा भांडवलदाराने न्यायचा, ही वाटणी मान्य होणे शक्य नाही.

महाराष्ट्राचा किनारा या योजनेत नाही. पण उद्या येथे वाहिनी आली, तर ती कोळ्यांच्या डोल जाळ्यांच्या जागेतूनच किनाऱ्याला लागेल. वाहिनीच्या पट्ट्यात खुंट रोवता येत नाहीत आणि नांगर टाकता येत नाही. विकासाचे ओझे आधी कोणाच्या खांद्यावर पडते, हे या परिसराला सांगावे लागत नाही. बंदराच्या भरावाने आणि खारफुटीच्या नाशाने ज्यांची मासेमारी बुडाली, त्या उरण आणि गव्हाण परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिला. आदेश आला तो नुकसान होऊन गेल्यावर.

हा क्रम उलटा झाला पाहिजे. वाहिनीचा मार्ग आखण्यापूर्वी कोळीवाड्यांशी चर्चा, काम सुरू होण्यापूर्वी भरपाई आणि वीज किनाऱ्याला लागताच तेथील गावांचा तिच्यावर हक्क, या तीन मागण्या कार्यकर्त्यांनी आजपासूनच गावोगावी पोहोचविल्या पाहिजेत. वारा कोणाच्या मालकीचा नाही. त्याच्यापासून मिळणारी वीजही मूठभरांच्या मालकीची होता कामा नये.