न झालेली तपासणी

आपल्याकडे दारात पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे होतो. पाहुण्याच्या पायी गावाचे पाणीच नासेल, असे कुणाच्या मनातही येत नाही. हैतीमध्ये मात्र तसे घडले.

१२ जानेवारी २०१० रोजी कॅरिबियन समुद्रातला हा गरीब देश भूकंपाने कोसळला. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तिथे आधीपासून होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेपाळी सैनिकांची नवी तुकडी मिरबाले गावाजवळच्या तळावर आली. तळावरचा मैला जवळच्या ओढ्यात गेला आणि ओढ्याचे पाणी आर्तिबोनीत नदीत. काठावरची माणसे तेच पाणी पीत होती. बघता बघता कॉलरा पसरला. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षे त्या देशात कॉलऱ्याची नोंद नव्हती. पुढच्या काही वर्षांत आठ लाखांवर लोक आजारी पडले, सुमारे १०,००० दगावले.

मग सैनिकांची तपासणी झाली नव्हती का? झाली होती. पण लक्षणे दिसली तरच शौचाची तपासणी करायची, असा रिवाज होता. आणि लक्षणे कुणालाच नव्हती. मी कवी माणूस, शब्दांपाशी अडतो. ‘लक्षण नाही’ आणि ‘रोग नाही’ यांत केवढे अंतर! कॉलऱ्याचे जंतू पोटात गेलेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, तरी काही दिवस त्यांच्या शौचातून जंतू बाहेर पडत राहतात.

२०११ मध्ये चार तज्ज्ञांच्या समितीने अहवाल दिला. आपले शास्त्रज्ञ जी. बालकृष नायर त्या समितीत होते. कॉलऱ्याच्या प्रदेशातून येणाऱ्यांना निघण्यापूर्वी प्रतिबंधक औषध द्या, नाहीतर शौचाची तपासणी करा, किंवा दोन्ही करा. आणि तळावरच्या मैल्यावर तिथेच प्रक्रिया करा, असे समितीने सुचवले. किती साध्या गोष्टी! संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली ती मात्र १ डिसेंबर २०१६ रोजी. तोवर सहा वर्षे उलटली होती.

दोष त्या सैनिकाला कसा द्यायचा? आपण काय घेऊन चाललो आहोत, हे त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक होते? आपल्या खेड्यापाड्यांतली मुलेही निळी टोपी घालून दूरदेशी जातात. त्यांची तपासणी म्हणजे त्यांच्यावर संशय नव्हे. ज्यांच्या रक्षणाला ती जातात, त्यांच्या पाण्याची ती राखण आहे.