गावची राखण कोणी करायची?

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



निकाल, शिष्यवृत्त्या, नव्या वर्गखोल्या यांविषयी आज पुष्कळ बोलून झाले. शाळा सुटल्यापासून रात्री निजेपर्यंत आपला मुलगा कुठे असतो, याविषयी दोन शब्द बोलण्याची मी परवानगी मागतो.

गावोगाव एकच तक्रार ऐकू येते. एस.टी. स्टँडवर टोळकी, मुलींच्या मागे शिट्ट्या, सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली, भर रस्त्यात तलवारीने कापलेला वाढदिवसाचा केक, विहिरीवरच्या पंपाची चोरीस गेलेली केबल. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण पुडी कोणत्या टपरीवर मिळते हे पोराला ठाऊक असते, बापाला नसते. "आमच्या वेळी असे नव्हते," असे म्हणून आपण सुस्कारा टाकतो. मग आमच्या वेळी होते तरी काय?

गावाला जागल्या होता, रामोशी होता, पाटील होता. परंतु त्या व्यवस्थेचे गोडवे गाताना भान ठेवले पाहिजे. पहारा, वर्दी, सरकारी निरोप ही कामे महार समाजावर वतन म्हणून लादलेली होती आणि मोबदला तुटपुंजा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच अन्यायापायी. गाव निर्धास्त झोपत होते, ते कोणाला तरी सक्तीने जागे ठेवून. ती सक्ती गेली हे उत्तमच झाले. चूक झाली ती पुढे. सक्तीची राखण गेली, पण तिच्या जागी स्वखुशीची राखण आपण उभी केली नाही.

सरकारने आपल्या परीने प्रयत्न केले. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने वंशपरंपरेऐवजी नेमणुकीचा पोलीस पाटील आला. पण मानधनावर काम करणारा हा एकटा माणूस. त्याच गावात त्याचे घर, त्याच गावात त्याचे सोयरे. गाव पाठीशी नसेल तर तो कोणाकोणाचा रोष पत्करणार? १५ ऑगस्ट २००७ रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम निघाली. गावे ईर्ष्येने पुढे आली, तंटे मिटले. मात्र अनेक ठिकाणी बक्षीस मिळाले आणि समिती फलकावर उरली.

टिकाऊ काम कसे होते, याचे उदाहरण भिवंडीत आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे शहर होरपळले होते. १९८८ साली तेथे आलेले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे पोलिसांसह नियमित एकत्र बसू लागली. १९९२-९३ साली मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. कायदा जुनाच होता. नवी होती ती ओळख. संकट येण्यापूर्वी माणसे एकमेकांना नावाने ओळखत होती.

आपल्या गावांत नेमकी हीच ओळख आटली आहे. कर्ती माणसे मुंबईला, आखातात. घरी आई आणि आजी. शेजाऱ्याने पोराला हटकले, तर बाप तिकडून फोनवर विचारतो, "माझ्या पोराला बोलणारे तुम्ही कोण?" मग शेजारी पुन्हा तोंड उघडत नाही. पूर्वी खोडी आणि फौजदारी यांच्या मध्ये वडीलधाऱ्याच्या शब्दाची एक पायरी होती. ती निखळली. आता एक तर काणाडोळा, नाहीतर थेट ११२ ला फोन. आणि गुन्हा नोंदला जाऊन खटला उभा राहिला की चारित्र्य पडताळणी अडते, पासपोर्ट अडतो. ज्या नोकरीच्या आशेवर घर उभे आहे, तिचे दारच बंद होते.

एक इशारा देणे अवश्य आहे. राखण म्हणजे मारझोड नव्हे. मुलींनी काय ल्यावे, कोणाशी बोलावे यावर पहारा ठेवणे तर मुळीच नव्हे. कोणाला वाळीत टाकण्याचा अधिकार गावकीला नाही, जमातीलाही नाही. त्याविरुद्ध विधिमंडळाने २०१६ साली कायदा मंजूर केला आहे. आणि चोरी, छेडछाड, हत्यार अशी प्रकरणे गावात दडपायची नसतात, ती ठाण्यातच गेली पाहिजेत.

तेव्हा माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या मुलाची तक्रार घेऊन कोणी दारी आला, तर आधी त्याला बसवून ऐकून घ्यावे. दुसरी, पोलीस पाटील, मुख्याध्यापक, गावकी व जमात यांची माणसे, दोन भगिनी आणि दोन तरुण यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. तक्रार नसली तरीही बसावे. तिसरी सूचना आपल्या संस्थेला. संध्याकाळी कुलूप लागणारा एक वर्ग रात्री दहापर्यंत अभ्यासिका म्हणून उघडा ठेवावा आणि त्याची किल्ली मुलांच्याच हाती द्यावी. उरूस, जत्रा, गणेशोत्सव यांत स्वयंसेवकाचा बिल्लाही त्यांनाच लावावा. ज्याच्यावर गावाने काही सोपवले आहे, तो गावाचे नुकसान करताना दहादा विचार करतो.

पोरे बिघडली असे म्हणणे सोपे आहे. त्यांना आपण एकटे सोडले, हे ध्यानी घेऊन आजच कामाला लागू या.