टाळेबंदी आणि बाईच्या कामाचे मोल



२४ मार्च २०२० ला रात्री आठला जाहीर झाले आणि बारापासून देश बंद! साहेब घरून काम करीत होते, त्यांचा पगार चालू होता. आमच्या धुणीभांडी करणाऱ्या बाया मात्र सोसायटीच्या फाटकावरच अडवल्या गेल्या. बंदी सरकारची, पण खाडे मांडले ते बाईचे! एप्रिल २०२१ मध्ये शासनाने घरेलू कामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले, तेही नोंदणी असेल तरच. आपल्या वस्तीत नोंदणी होती किती जणींची?

आशाताईंचं तर विचारूच नका. दारोदार फिरून ताप मोजायचा, रुग्ण शोधायचे. पण त्या म्हणे कर्मचारी नव्हेत, स्वयंसेविका. म्हणून पगार नाही, मानधन. अन् मानधन म्हटले की किमान वेतन मागता येत नाही, खरी मेख इथेच आहे. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, तरी नाव मानधनच राहिले.

बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रीच्या बाळंतपणाच्या रजेची बाजू मांडली होती.

घरेलू कामगार मंडळात ज्यांची नोंदणी नाही, त्या भगिनींनी वंदनेनंतर थांबावे. अर्ज आम्ही भरून देऊ.