मोंते कॅसिनोचा मठ : जे पडले आणि जे उरले



वसंत ऋतूतील या ज्ञानसत्रात इटलीमधील एका ख्रिस्ती मठाचे आख्यान कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे आमचे उत्तर दुहेरी आहे. मठ ही संस्था आपल्याला परकी नाही. गुरू, शिष्य, नित्यनेम, अन्नछत्र आणि पोथ्यांचे दप्तर हे सारे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. आणि दुसरे असे की, ज्या डोंगरावर हा मठ उभा आहे त्याच्या उतारावर १९४४ साली भारतीय जवानांचे रक्त सांडले आहे. तेव्हा ही कथा वाटते तितकी दूरची नव्हे.

रोमच्या आग्नेयेस सुमारे १३० किलोमीटरांवर कॅसिनो नावाचे गाव आहे. त्याच्या डोक्यावर सुमारे ५२० मीटर उंचीचा डोंगर आहे. माथ्यावर पूर्वी अपोलो देवाचे मंदिर होते. इसवी सन ५२९ च्या सुमारास बेनेडिक्ट नावाचा साधू काही शिष्यांसह तेथे आला आणि त्याने तेथे आपला मठ स्थापन केला. या मठासाठी त्याने ७३ प्रकरणांची एक नियमावली लिहिली. साधूंनी केव्हा उठावे, किती वेळा प्रार्थना करावी, किती जेवावे, शेतात किती राबावे, हे सारे तीत आहे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात प्रत्येक साधूला एकेक ग्रंथ द्यावा आणि त्याने तो प्रथमपासून अखेरपर्यंत वाचावा, असाही एक दंडक आहे. प्रार्थना, अंगमेहनत आणि वाचन या तीन खांबांवर ही संस्था उभी राहिली.

या मठांचे वास्तुशिल्प समजून घ्यावयाचे तर ही नियमावली हाती धरूनच समजून घेतले पाहिजे. कालांतराने पश्चिम युरोपातील मठांचा एक ठरीव नकाशा तयार झाला. मध्यभागी ओवऱ्यांनी वेढलेला चौक, एका अंगाला देवालय, दुसऱ्या अंगाला पंगतीची जागा, तिसरीकडे सामुदायिक शयनगृह, आणि एक सभागृह. या सभागृहात नियमावलीतील एकेक प्रकरण रोज वाचले जाई, म्हणून लॅटिनमध्ये त्या दालनालाच 'प्रकरण' असे नाव पडले! म्हणजे येथे आधी दिनक्रम ठरला आणि भिंती मागाहून त्याच्याभोवती उभ्या राहिल्या.

आता या मठावर आलेल्या आपत्तींचा हिशेब पाहू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोंबार्ड टोळ्यांनी मठ लुटला. साधू रोमला पळाले. पळताना त्यांनी बरोबर काय नेले? याच मठात राहिलेला पॉल हा आठव्या शतकातील इतिहासकार सांगतो की, त्यांनी नियमावलीची मूळ पोथी नेली आणि रोजच्या पावाचे वजन व मद्याचे माप नेले. श्रोतेहो, या यादीचा जरा विचार करा. भिंती टाकून द्याव्या लागल्या, पण माप टाकले नाही. माप शाबूत राहिले म्हणून नेम शाबूत राहिला. सुमारे ७१७ साली पेट्रोनॅक्स नावाच्या गृहस्थाने मठाची पुन्हा प्रतिष्ठापना केली, तेव्हा काय उभारावयाचे हे कोणाला शोधीत बसावे लागले नाही.

८८३ साली सारासेन लोकांनी मठ जाळला आणि मठाधिपती बर्थारियस मारला गेला. साधू तेआनो येथे गेले, आणि तेथील आगीत ती मूळ पोथीही जळाली असे सांगतात. पण तत्पूर्वीच सम्राट शार्लमेन याने तिची नक्कल मागवून घेतली होती. त्या परंपरेतील हस्तलिखित स्वित्झर्लंडमधील सेंट गाल येथे आजही पाहावयास मिळते. मूळ गेले, नक्कल राहिली.

मठाचा सुवर्णकाळ अकराव्या शतकातला. १०५८ ते १०८७ या काळात डेसिडेरियस हा मठाधिपती होता. पुढे तो तिसरा व्हिक्टर या नावाने पोपही झाला. त्याने जुने देवालय उतरवून नवे बांधले. रोमहून खांब आणि संगमरवर आणला, कॉन्स्टँटिनोपलहून जडावकामाचे कारागीर बोलाविले. आणि एवढ्यावरच न थांबता मठातील तरुणांना त्या कारागिरांच्या हाताखाली शिकावयास बसविले, कारण ती कला इटलीत लोप पावत चालली होती. १०७१ साली पोप दुसरा अलेक्झांडर याच्या हस्ते या देवालयाचा अर्पणविधी झाला. याच काळात कॉन्स्टंटाइन नावाच्या आफ्रिकेहून आलेल्या पंडिताने येथे अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणले. रोमन इतिहासकार टॅसिटस याच्या ग्रंथांचा मोठा भाग जगाला आज वाचता येतो, तोही याच मठात अकराव्या शतकात उतरून घेतलेल्या एका पोथीमुळे. इटालियन बोलीतील अगदी आरंभीची लिखित वाक्ये ९६० सालच्या एका जमिनीच्या निवाड्यात आहेत. तो निवाडा या मठाच्याच दप्तरात राहिला. श्रवणबेळगोळच्या शिळेवरील मराठी अक्षरे पाहून आपल्या मनात जे उमटते, तेच इटालियन माणसाच्या मनात हा कागद पाहून उमटत असेल.

१३४९ च्या भूकंपात डेसिडेरियसचे देवालय कोसळले. पुन्हा बांधकाम झाले. सतराव्या शतकात कोसिमो फान्झागो याच्या देखरेखीखाली बरोक पद्धतीचा थाट चढला, रंगीत संगमरवर आला, लुका जोर्दानो याची भित्तिचित्रे आली. १७२७ साली या नव्या देवालयाचाही अर्पणविधी झाला.

आणि मग १९४४ साल उजाडले. जर्मन सैन्याची संरक्षणफळी या डोंगरावरून जात होती. रोमकडे जाणारा रस्ता त्याच्या पायथ्याशी. डोंगर घेण्याचे काम ज्यांच्याकडे आले त्यांत चौथी भारतीय डिव्हिजन होती. तिचा सेनापती जनरल टकर याला मठाच्या भिंती किती जाड आहेत हे हवे होते. वरिष्ठांकडून माहिती मिळेना, तेव्हा नेपल्समधील पुस्तकांच्या दुकानातून १८७९ सालचे एक पुस्तक मिळविण्यात आले. भिंत निदान दहा फूट जाड आहे हे त्यातून कळले, आणि मोठ्या बाँबखेरीज तिला काही होणार नाही हा निष्कर्ष निघाला. कोणा विद्वानाने आदराने टिपलेली मापे ती वास्तू पाडण्याच्या कामी आली! विद्येला स्वतःची दिशा नसते, ती धरणाऱ्याच्या हातात असते, हे याहून स्पष्ट कसे दिसावे?

१५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोनशेहून अधिक विमानांनी मठ उद्ध्वस्त केला. आत साधू होते आणि आश्रयाला आलेली गावची माणसे होती. मेलेल्यांचा आकडा दोनशेच्या वर सांगतात. जर्मन सैनिक मात्र त्या वेळी मठाच्या आत नव्हते, असेच पुढील संशोधनाने दिसून आले. ते ढिगाऱ्यात शिरले ते नंतर, आणि पडक्या भिंतींचा आडोसा त्यांना अधिकच सोयीचा झाला. पंजाबी, राजपुताना आणि गुरखा पलटणींचे जवान त्या उतारावर पडले. १८ मे रोजी पोलिश सैनिकांनी माथ्यावर निशाण लावले. याच इटलीच्या मोहिमेत आमच्या माणगावकडील यशवंत घाडगे याने १० जुलै १९४४ रोजी वीरमरण पत्करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. टकरला दोष द्यावा काय? ज्याला आपले जवान त्या उतारावर पाठवावयाचे आहेत त्याच्या जागी उभे राहून पाहिल्याविना निकाल देणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. तथापि त्या बाँबांनी डोंगर काही हाती आला नाही, हेही तितकेच खरे.

मग उरले काय? १९४३ च्या शरद ऋतूतच श्लेगेल आणि बेकर या दोन जर्मन सैन्यातील अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने ग्रंथालय आणि दप्तर ट्रकांत भरून डोंगरावरून खाली नेण्यात आले होते. म्हणून ९६० चा तो निवाडा वाचला. जमिनीखालची बेनेडिक्टची समाधी वाचली. युद्धानंतर मठ 'होता तेथे, होता तसा' बांधावयाचा असे ठरले आणि २४ ऑक्टोबर १९६४ रोजी पोप सहावा पॉल याच्या हस्ते देवालयाचा पुन्हा अर्पणविधी झाला. परंतु 'होता तसा' हे शब्द जपूनच घ्यावे लागतात. फान्झागोची आकृती पुन्हा उभी राहिली. जोर्दानोच्या हाताने काढलेली चित्रे गेली ती गेलीच. दगडाची नक्कल होते, हाताची होत नाही.

मठाचे ब्रीद छाटलेल्या झाडाचे आहे : तोडले तरी पुन्हा पालवी फुटते. आम्ही त्यात एवढीच भर घालू की, मूळ जमिनीत असेल तरच ती फुटते. त्या मठाचे मूळ होते नेम आणि लेखन. आपल्याकडे जुने वाडे उतरविले जात आहेत आणि त्यांतील दप्तरे रद्दीच्या तागडीत जात आहेत. प्रत्येक वाडा वाचेलच असे नाही. पण वाडा पडण्यापूर्वी त्यातली कागदपत्रे बाहेर काढणे, त्यांची नक्कल करून दुसऱ्या गावी ठेवणे आणि जुन्या कारागिराच्या हाताखाली एखादे पोर बसविणे, ही तीन कामे तुमच्या आमच्या आवाक्यातली आहेत. संकट आल्यावर त्यांना वेळ मिळत नाही. ती आधीच करावी लागतात.